अण्णांचे हात खिशात

११ जानेवारी

ताई,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

माझी मुंगी आजपासून तुझ्या पाळणाघरात येणार नाही. तिची बाटली, दोन फ्रॉक आणि कान तुटलेला ससा बाहेरच्या बाकावर ठेव, दुपारच्या फेरीला मी घेऊन जाईन. फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आधी शांत हो बघू" एवढं म्हणायचं आणि पुढचं सगळं तुझंच. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून डेपोच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. सख्ख्या बहिणीला, त्याच शहरात, आणि टाकणार तुझ्याच फाटकाच्या पेटीत. हसणारे हसू देत.

काल माझी बस तुझ्या स्टॉपवर उभी होती. काठीवाल्या आजोबांना चढायला वेळ लागत होता. ड्रायव्हरच्या सीटवरून तुझं सगळं अंगण दिसतं, हे तुझ्या कधी लक्षात आलं नसेल. मुंगी पाण्याच्या जगसमोर उभी होती आणि तिने जगकडे बोट केलं होतं. तुझ्या मदतनीस बाईने तिचा हात धरून खाली केला. मुंगीने परत वर केला. बाईने परत खाली केला. मग तू आलीस. मला वाटलं, चला, आता मावशी पाणी देईल.

तू तिच्यासमोर बसलीस, तिचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन धरलेस आणि तोंड एवढं मोठं करून काहीतरी म्हणालीस. मध्ये काच होती, पण ओठ वाचायला आपण दोघी कुठे शिकलो ते मी तुला सांगायला नको. "पाणी. म्हण, पाणी." ती म्हणाली नाही. तू पुन्हा सांगितलंस. ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तू उठलीस आणि जग उचलून आत घेऊन गेलीस.

माझ्या मागे बसभर माणसं बसली होती म्हणून मी पुढे गेले. नाहीतर गाडी तुझ्या अंगणात घातली असती.

संध्याकाळी तिला न्यायला आले तेव्हा तुझी ती पाटी पहिल्यांदा नीट वाचली. पिवळं बदक आणि खाली लिहिलंय, 'बोट नाही, बोल'. इतके महिने मला वाटत होतं, नाकात बोट घालू नये असं काहीतरी असेल. वीस महिन्यांच्या पोरीला तहान लागली तर तिने भाषण करायचं, हा त्याचा अर्थ असेल असं डोक्यात आलं नाही.

ससा विसरू नकोस. त्याच्याशिवाय ती झोपत नाही.

धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझा मेसेज वाचला. इतका लांब की तो संपेपर्यंत माझा चहा गार झाला.

तू म्हणतेस, बाकीची मुलं तुझ्याकडे बोलायला लागली, एकटी मुंगीच अडली, म्हणजे दोष तुझ्याकडे नाही. दोष माझ्या घरात आहे. 'घरातलं एक माणूस दिवसभर हातवारे करत असताना मूल तोंड कशाला उघडेल?' घरातलं एक माणूस! आपल्या बापाला अण्णा म्हणायला तुझी जीभ अडली का? आणि त्यांच्यासाठी तू 'एक चांगली जागा' बघून ठेवली आहेस. बाग आहे म्हणे. काही महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणे. सत्तरीच्या बहिऱ्या माणसाला, ज्याच्या खुणा जगात आपण दोघी सोडून कुणाला धड कळत नाहीत, त्याला अनोळखी लोकांत नेऊन बसवायचं आणि बाग बघ म्हणायचं. वा गं वा.

शिवाय हे तू माझ्या आधी माझ्या नवऱ्याला सांगितलंस. तुला तो चांगला माहीत आहे. लिफ्ट दुरुस्त करता करता लिफ्टसारखाच झालाय, जो बटण दाबेल त्याच्या मजल्यावर. रात्री जेवताना मला म्हणतो, "ताई दिवसभर मुलांतच असतात. त्यांना कळत असेल ना."

मी म्हटलं, "मी दिवसभर बसमध्ये असते, म्हणून मला इंजिन उघडता येतं का?"

तर आम्ही तिला स्पीच थेरपिस्टकडे नेलं. आधी कान तपासून झाले. कान उत्तम आहेत. मग त्या बाई जमिनीवर बसल्या, मुंगीपुढे चमचा, चेंडू, बाहुली असं काहीबाही मांडलं आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मला विचारलं, "बोट दाखवते का?"

"दाखवायची. हल्ली कमी झालंय."

बाईंचं पेन थांबलं. "कधीपासून?"

ते मी तुला लिहायला नको. तू पाटी कधी लावलीस ते तुला ठाऊक आहे.

त्या जे म्हणाल्या ते जसं कळलं तसं लिहिते. मूल आधी बोटाने बोलतं, तोंड मागून येतं. ते 'ते' म्हणून दाखवतं, आपण 'पाणी' म्हणतो, आणि असं होता होता एक दिवस तो शब्द त्याचा होतो. ज्या घरात मोठी माणसं हात हलवून बोलतात तिथली मुलं जास्त खुणा करतात, आणि पुढे त्यांच्याकडे शब्दही जास्त असतात असं बऱ्याचदा दिसतं. बोट खाली पाडलं की मूल विचारायचंच सोडतं. मी अण्णांचं सांगितलं. भांडायच्या तयारीनेच सांगितलं, पदर खोचून. तर बाईंचा चेहरा उजळला. "घरात हातांनी बोलणारे आजोबा आहेत? मग तुमचं अर्धं काम झालेलं आहे." मग त्यांनी विचारलं, "आजोबा वस्तू दाखवतात तेव्हा तिचं नाव कोण सांगतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने पंख्याकडे.

कुणीच सांगत नव्हतं, ताई. मी पाय चोळत बसलेली आणि हा फोनमध्ये. अण्णा बिचारे दाखवून दाखवून थकायचे. आता ठरलंय, अण्णांनी दाखवायचं, आम्ही बोलायचं. एवढंच. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मी आधीपासून हेच म्हणत होतो." लिफ्ट वर आली.

म्हणजे तुझ्या बागेची गरज नाही. आणि ती पाटी काढ. तिथे अजून दहा-बारा पोरं आहेत.

धाकटी


२८ जानेवारी

ताई,

तुझ्याकडे येऊन तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. पण मी काय करीन याची मलाच खात्री नाही, म्हणून लिहितेय.

आठवडाभर अण्णा हात खिशातून बाहेर काढत नव्हते. मला आधी वाटलं थंडी. मग वाटलं, इतकी वर्षं लाकडाला पॉलिश करून बोटं दुखत असतील. मलम आणलं. त्यांनी मान हलवली आणि हात अजून खोल घातले. जेवायला बसले की हात बाहेर, जेवण झालं की परत आत. थेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं करायला आम्ही रोज संध्याकाळी बसायचो, मी आणि मुंगी तयार, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून बसलेले.

मुंगीने काय काय केलं सांगू? चमचा आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि वाट बघितली. मग ससा ठेवला. मग माझी चप्पल. तिला वाटलं असेल, वस्तूच चुकत असावी. शेवटी ती त्यांच्या खिशात आपला हात घालून त्यांची बोटं ओढायला लागली. ओढून ओढून रडली. अण्णांचे डोळे भरले, पण हात बाहेर आले नाहीत.

काल मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. मी मागे हटत नाही हे त्यांना माहीत आहे, माझी खूणच त्यांनी नाकाच्या शेंड्यावर टिचकी अशी ठेवलेली. शेवटी एकच हात बाहेर आला. कानामागून वेणी ओढल्यासारखं केलं. म्हणजे तू. मग स्वतःच्या हातांकडे दाखवलं. मग मुंगीकडे. मग ओठांवर किल्ली फिरवली. आणि हात परत खिशात.

मी ड्यूटीवर असताना तू 'अण्णांची गोळी द्यायला' आली होतीस ना? गोळी देऊन गेलीस खरी.

जी भाषा त्या माणसाने तुला भरवली, त्याच भाषेत तू त्याला सांगितलंस की तुझ्या हातांनी नातीच्या तोंडाला कुलूप लागतंय. तुझी बोटं कशी वळली गं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. ज्याला तोंड नाही त्याचे तू हात दाबलेस.

मी त्यांना सांगितलं, हे खोटं आहे, डॉक्टरसारख्या बाईंनी सांगितलंय. ते हसले, मला थोपटलं. मग वेणीची खूण करून कपाळाला बोट लावलं. ताईला कळतं. बस्स. दवाखाना, बँक, सरकारी कचेरी, लहानपणापासून त्यांच्या वतीने तूच बोललीस. तू आठ वर्षांची असताना टेबलापलीकडच्या साहेबांना सांगायचीस, "माझे वडील म्हणतात," आणि ते मागे ताठ उभे राहायचे. मी काय, नाकावरची टिचकी. माझं कोण ऐकतं त्यांच्याकडे?

म्हणून तू ये. तू सांगितलंस, तूच येऊन खोडून टाक. घाण करायला तू आणि पुसायला मी, हे आपलं लहानपणापासूनचं आहे, पण ही मला पुसता येत नाही.


५ फेब्रुवारी

ताई,

तू पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, शाळेत बक्षीस मिळवणारं. दोन दिवस बॅगेत ठेवून फिरले आणि काल शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर वाचलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तू पहिलीत होतीस आणि वर्गात बोलत नव्हतीस हे माहीत नव्हतं. पोरं तुला 'मुक्याचं पिल्लू' म्हणायची आणि मधल्या सुट्टीत तुझ्यासमोर माकडासारखे हात नाचवायची, हेही नाही. वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, घरातले हातवारे बंद करा नाहीतर ही पोर अशीच राहील. आणि आईने ते ऐकलं. अण्णा संध्याकाळी कारखान्यातून आले, आईने त्यांना खुणेने सांगितलं, ती त्या घरातली शेवटची खूण. मग दोन वर्षं अण्णांचे हात खिशात. तू तिसरीत पाठांतरात पहिली आलीस तेव्हा बाहेर काढले.

मी तेव्हा मुंगीएवढी होते. त्या वेळचा आपला एक फोटो आहे बघ, स्टुडिओतला. आई खुर्चीवर, तू शेजारी, मी मांडीवर आणि अण्णा मागे हात खिशात घालून. मी आजवर लोकांना तो दाखवून म्हणायचे, बघा आमचे अण्णा कसे ऐटीत उभे आहेत.

तू लिहितेस, 'मी बोलायला लागले ते त्यामुळेच.' अगं, तू दिवसभर चाळीस बडबड्या पोरांत बसत होतीस! घरी आई होती, शेजारपाजार होता. तुझं तोंड अण्णांच्या हातांनी नव्हे, त्या पोरांच्या चिडवण्याने बंद झालं होतं. तू पाठांतरात पहिली आलीस कारण तू हट्टी आहेस. पण त्याच्या पुढचं तुझं वाक्य मी परत परत वाचलं. 'त्यामुळेच असलं पाहिजे. नाहीतर अण्णांनी ते उगाच सोसलं असं होईल.'

म्हणून पाटी. म्हणून बाग. अण्णांचा त्याग फुकट जाऊ नये म्हणून तू दहा-बारा पोरांचे हात बांधतेस आणि अण्णांचे परत एकदा. ताई, तू सहा वर्षांची होतीस. तुझी यात काय चूक? पण आता तू सहा वर्षांची नाहीस.

माझा राग गेला असं समजू नकोस. आई नाही, त्या बाईंचा पत्ता नाही, आता तो कुणावर काढायचा तेच कळत नाही. म्हणून तुझ्यावरच काढते. तू हाताशी आहेस.

ये.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

अजून आली नाहीस.

थेरपिस्ट बाईंना घरी आणलं. त्यांनी अण्णांशी खुणांनी बोलायचा प्रयत्न केला. त्यांच्या खुणा शिकलेल्या, पुस्तकातल्या. आपल्या अण्णांच्या घरगुती. दोघं एकमेकांकडे बघून अदबीने हसत राहिली. जाताना बाई मला म्हणाल्या, "ज्यांनी सांगितलं त्यांनाच आणा."

मुंगीने आता अण्णांकडे वस्तू नेणं सोडलंय. माझ्याकडे बघून बोट करायची तेही दोन दिवसांत बंद झालंय. काही हवं असलं की भिंतीला टेकून उभी राहते आणि रडते. कशासाठी ते आम्ही अंदाजाने शोधतो.

रोज सकाळी तुझ्या फाटकासमोर थांबते. तू अंगणात असतेस आणि बसकडे पाठ करतेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते आपल्या घराण्याबद्दलच असावं. पण माझाही पीळ त्याच सुंभाचा आहे. रोज थांबणार.


२० फेब्रुवारी

ताई,

तू रविवारी आलीस, चप्पल काढलीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस आणि सरळ अण्णांसमोर जाऊन जमिनीवर बसलीस. तुझी पर्स खांद्यालाच होती. तुला खुणा करताना मी कितीतरी वर्षांनी बघितलं. लग्नात नाही, आईच्या वेळी नाही, लोकांसमोर तर कधीच नाही. तुझ्या बोटांना सगळं आठवत होतं. तू म्हणालीस, मी चुकीचं सांगितलं. हात वाईट नाहीत. तिला हात हवेत. अण्णांनी दोनदा विचारलं, नक्की? तू दोनदा सांगितलंस. मग तू चहा न घेता उठलीस, आणि मी तुला 'बस' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुला पुढचं सांगायला हवं. तू गेल्यावर अण्णांनी हात बाहेर काढले आणि जरा वेळ नुसते मांडीवर ठेवले. मुंगी लांबूनच बघत होती. मग त्यांनी दिव्याकडे दाखवलं. मी म्हटलं, "दिवा." दाराकडे दाखवलं. "दार." तिसऱ्या दिवशी तिने स्वतः खिडकीकडे बोट केलं आणि माझं तोंड उघडायची वाट बघितली. काल दिव्याकडे बघून 'वा' म्हणाली. नवऱ्याने लगेच चार घरी फोन केले. मी तेवढी वेडी झालेली नाही. 'वा' म्हणजे दिवाच असेल असं नाही. पण बोट वर होतं, ते मी बघितलं.

हे पत्र त्यासाठी नाही.

आज सकाळी मी डबा भरत होते. अण्णांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी वळले. त्यांनी तळहात खाली करून एक उंची दाखवली, शाळेत जाणाऱ्या पोरीएवढी, आणि वेणीची खूण केली. मग त्याहून कमी उंची आणि माझी टिचकी. मग दोन्ही हात खिशात घातले, बाहेर काढले, आणि माझ्यासमोर रिकामे धरले. भुवया वर.

म्हणजे मग तेव्हाचं काय? हात वाईट नव्हते, तर तेव्हा मी गप्प का बसलो?

ताई, मी त्यांना चहा दिला. एवढंच केलं. मी, जिने तुला पाच पत्रांत खोटं बोलतेस म्हणून सोलून काढलं, ती माझ्या बापासमोर दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी राहिले. उगाच गप्प बसलात म्हणावं तर त्यांची दोन वर्षं मातीत गेली. तेव्हा गरज होती म्हणावं तर उद्या त्यांचे हात परत खिशात जातील. आता कळलं तू इतके दिवस बसकडे पाठ का करत होतीस. हा प्रश्न येणार हे तुला माहीत होतं. मला माहीत नव्हतं आणि मी तुला फरफटत आणलं. आणि तरीही सांगते, परत आणलं असतं.

ते वाट बघत होते. मग त्यांनीच वेणीची खूण केली आणि दाराकडे दाखवलं.

उद्या सकाळच्या पहिल्या फेरीला अण्णा माझ्या मागच्या सीटवर असतील. तुझ्या स्टॉपवर उतरतील. मी उतरणार नाही, मला उतरता येत नाही. फाटक उघडं ठेव. काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही, मला माहीत असतं तर मीच सांगितलं असतं. पण त्यांना आत खोलीत नेऊ नकोस. अंगणातच बोल, पोरांसमोर, तुझ्या मदतनीस बाईसमोर, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकासमोर. त्यांनी दोन वर्षं तुझ्यासाठी घरातसुद्धा बोलणं सोडलं होतं. तू त्यांच्याशी एकदा उघड्यावर बोल.

मी जमेल तितका वेळ बस थांबवून ठेवीन. मागच्यांना हॉर्न वाजवू देत.

तुझी
धाकटी